स्तनातील गाठी : साध्या व मारक गाठींच्या निदानाचा इतिहास

स्तनात हाताला लागणारी गाठ साधी (शरीरात इतरत्र न पसरणारी) आहे की मारक (कर्करोगाची) आहे, हे ठरविण्याच्या पद्धती सु. दोन हजार वर्षांच्या अनुभवातून विकसित झाल्या आहेत. स्तनातील बहुसंख्य गाठी साध्या असतात. परंतु केवळ स्पर्शाने दोहोंतील भेद खात्रीने सांगता येत नाही. हा निर्णय चुकल्यास दोन प्रकारची हानी संभवते : साध्या गाठीपायी स्तन गमवावा लागतो किंवा कर्करोगावरील उपचारांची योग्य वेळ निघून जाते. या दोन्ही चुका टाळण्याच्या प्रयत्नांतून निदानाची आजची पद्धत सिद्ध झाली.

प्राचीन कल्पना : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचे वेगवेगळे वर्णन आढळते. वाटोळे, स्थिर, अल्प वेदना असणारे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे व न पिकणारे ते अर्बुद, अशी लक्षणे तेथे दिली आहेत. स्तनरोगांचा विचारही त्याच स्थानात आहे. गाठ स्थिर आहे की सरकते, दुखते की दुखत नाही, ही स्पर्शावर आधारलेली चिन्हे पुढे अनेक शतके वैद्यांना मार्गदर्शक ठरली. ग्रीक वैद्यकात अशा कठीण गाठीस खेकड्याचे नाव मिळाले. ‘कर्करोग’ या संज्ञेतही तीच कल्पना आहे.

एकोणिसावे शतक : इंग्‍लंडमधील शल्यचिकित्सक अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्ये स्तनाच्या विकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध करून कर्करोगेतर विकारांचे पद्धतशीर वर्णन केले. तरुण स्त्रियांत आढळणारी गुळगुळीत, बोटाखाली सहज सरकणारी गाठ (आजचे तंतुग्रंथी-अर्बुद), द्रवाने भरलेली पुटी आणि स्तनाचा क्षयरोग यांचा त्यात समावेश होता. यांपैकी क्षयरोगाची गाठ कठीण व त्वचेला चिकटलेली असू शकते, म्हणून ती कर्करोगासारखी भासते. उलट, कर्करोगाच्या काही गाठी वाटोळ्या व सरकत्या असतात आणि त्या साध्या वाटतात. बोटांची ही मर्यादा सूक्ष्मदर्शकाने ओलांडली. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ मध्ये अर्बुदे कोशिकांची बनलेली असतात असे दाखविले. तेव्हापासून अंतिम निर्णय जीवोतक परीक्षेकडे (गाठीचा तुकडा काढून तपासण्याकडे) जाऊ लागला.

विसावे शतक : अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तन, त्याखालील स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी एकत्रित काढण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेयो क्लिनिकमधील लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये गाठीचा तुकडा गोठवून काही मिनिटांत तपासण्याची रीत रूढ केली. तिच्यामुळे शस्त्रक्रिया चालू असतानाच निदान होऊ लागले. मात्र शुद्धिहरणापूर्वी रुग्णस्त्रीला आपला स्तन राहणार की जाणार हे कळत नसे. निदान व मोठी शस्त्रक्रिया या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९७९ मध्ये केली. दरम्यान न्यूयॉर्क येथे हेझ मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये सुईने कोशिका शोषून घेऊन तपासण्याची पद्धती मांडली. आल्बेर्ट झालोमोन यांनी १९१३ मध्ये आरंभिलेल्या स्तनाच्या क्ष-किरण अभ्यासाला रॉबर्ट इगन यांच्या १९६० मधील कार्याने व्यवहार्य रूप आले.

महाराष्ट्रातील परिस्थिती : सांगली जिल्ह्यातील पलूस परिसराला आधुनिक शल्यचिकित्सेची सोय प्रथम मिरज येथे मिळाली. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. पुणे–मिरज लोहमार्गावरील किर्लोस्करवाडी (पूर्वीचे कुंडल रोड) स्थानक पलूस तालुक्यात असल्याने मिरज रुग्णांच्या आवाक्यात होते. मिरजेजवळ वॉनलेसवाडी येथे क्षयरोग आरोग्यधामही उभे राहिले. मुंबईत १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली.

तथापि रुग्णालय जवळ असणे पुरेसे नसते. गाठ दुखत नाही, म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा समज घातक ठरतो. कारण कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. संकोचामुळेही विलंब होतो. या दृष्टीने टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील वस्त्यांमध्ये १९९८ मध्ये सुरू केलेला प्रयोग महत्त्वाचा आहे. त्यात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाच्या स्तनांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत आढळण्याचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते. पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत मृत्युमान सु. ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मात्र आढळलेली घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती.

सद्यःस्थिती : आज हाताने तपासणी, क्ष-किरण वा श्राव्यातीत ध्वनी यांद्वारे प्रतिमादर्शन आणि सुईने घेतलेल्या ऊतकाची परीक्षा या तीन गोष्टींचा मेळ घालून निदान केले जाते. तिन्ही निष्कर्ष जुळल्यास गाठ साधी आहे असे विश्वासाने सांगता येते. एकही विसंगत असल्यास पुढील तपासणी आवश्यक असते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी स्तनतपासणी करण्याची तरतूद आहे. आरोग्यसेविकेच्या बोटांचे काम गाठ शोधून काढण्याचे आहे, तिचे स्वरूप ठरविण्याचे नव्हे. म्हणून नव्याने जाणवलेली प्रत्येक गाठ तपासून घेणे इष्ट होय. त्यामुळे बहुसंख्य स्त्रियांची भीती दूर होते आणि उरलेल्यांना उपचारांसाठी वेळ मिळतो.