फुटबॉल, फ्रान्स आणि अल्जीरियन माणसाची निष्ठा

परमुलखात पोट भरायला गेलेल्या माणसाला त्या मुलखातले लोक केव्हा ना केव्हा एक प्रश्न विचारतातच : तुझ्या जुन्या देशाशी आमचा सामना लागला तर तू कोणाच्या बाजूने ओरडणार? १९९० मध्ये ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी आशियाई आणि कॅरिबियन स्थलांतरितांना क्रिकेटच्या निमित्ताने हाच प्रश्न विचारला, आणि त्याला ‘टेबिट कसोटी’ असे नावही पडले. आपल्याकडे भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी मुसलमान मोहल्ल्याकडे जी नजर वळते, तिच्यातही हाच प्रश्न असतो. वरवर तो खेळाचा दिसतो. वास्तविक तो विचारण्याचा अधिकार कोणाला आणि उत्तर देण्याची सक्ती कोणावर, हे त्यातून ठरत असते. फ्रान्स आणि अल्जीरिया यांच्या फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

फ्रान्सने अल्जीरियावर १८३० मध्ये चढाई केली आणि १८४८ मध्ये तो प्रदेश फ्रान्सचाच भाग आहे असे जाहीर करून त्याचे जिल्हे पाडले. जमीन फ्रान्सची झाली. जमिनीवरची माणसे मात्र फ्रेंच झाली नाहीत. १८६५ च्या कायद्याने मुसलमान अल्जीरियन हा फ्रान्सचा प्रजाजन ठरला, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचे तर त्याने आपला धार्मिक वैयक्तिक कायदा सोडायचा. १८८१ पासून तर केवळ ‘देशी’ लोकांसाठी वेगळ्या शिक्षांची संहिताच लागू झाली. याच व्यवस्थेत गोऱ्या वसाहतवाल्यांनी फुटबॉल आणला आणि देशी पोरांनी तो उचलला. १९२१ मध्ये अल्जिअर्स शहरात मुलुदिया हा मुसलमानांचा क्लब निघाला. अशा क्लबांकडे सरकार संशयानेच पाहत होते. अकरा देशी माणसे अकरा गोऱ्यांना सर्वांदेखत हरवू शकतात, ही गोष्ट कोणत्याही वसाहतीत निव्वळ करमणूक राहत नाही.

पहिल्या महायुद्धापासून अल्जीरियन मजूर समुद्र ओलांडून मार्सेय, लिआँ, पॅरिस इकडे जात होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रीघ वाढली. कारखान्यांना हात हवे होते, क्लबांना पाय हवे होते. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये अल्जीरियन खेळाडू चांगलेच रुळले होते. त्यांच्यापैकी रशीद मखलूफी हा सेंत-एत्येन क्लबचा, आणि मुस्तफा झितूनी मोनाको क्लबचा. दोघेही फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळले.

मखलूफी सेतिफ गावचा, जन्म १९३६ चा. ८ मे १९४५ रोजी, म्हणजे नाझींच्या पराभवाचा आनंद युरोप साजरा करीत होता त्याच दिवशी, सेतिफमध्ये स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मग दंगल उसळली, शंभराच्या आसपास युरोपीय मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून फ्रेंच लष्कराने व वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी हजारो अल्जीरियनांची कत्तल केली. मखलूफी तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेत फ्रेंच सैन्याच्या संघातून खेळला आणि १९५७ मध्ये त्याने फ्रान्सला सैनिकी जगज्जेतेपद मिळवून दिले. ज्या सैन्याने त्याचे गाव चिरडले त्या सैन्यासाठी! यात त्याची दुटप्पी निष्ठा शोधणाऱ्याने आधी हे सांगावे की त्याच्यापुढे दुसरा कोणता संघ होता?

दुसरा संघ एप्रिल १९५८ मध्ये उभा राहिला. अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा सशस्त्र लढा १ नोव्हेंबर १९५४ पासून सुरू होता. तिच्या सांगण्यावरून मखलूफी, झितूनी आणि त्यांचे काही सहकारी गुपचूप फ्रान्सबाहेर पडले आणि स्वित्झर्लंड-इटलीमार्गे ट्युनिसला पोहोचले. विश्वचषक स्पर्धा दोन महिन्यांवर होती, आणि मखलूफी व झितूनी या दोघांची नावे फ्रान्सच्या संभाव्य खेळाडूंत होती. झितूनीने काही आठवड्यांपूर्वीच स्पेनविरुद्ध फ्रान्सचा बचाव सांभाळला होता. मखलूफी तर सैनिक, म्हणजे त्याचे जाणे हा सैन्यातून पळून जाण्याचा गुन्हा. पैसा, घर, कीर्ती सगळे मागे ठेवून ते गेले. काही जण निघण्यापूर्वी किंवा सरहद्दीवरच पकडले गेले.

फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. त्यांच्याशी खेळाल तर कारवाई होईल, अशी तंबी इतर देशांना दिली. राष्ट्रच नाही, तर राष्ट्रीय संघ कसला, असा तिचा कायदेशीर सवाल होता. तरीही चार वर्षांत हा संघ ट्युनिशिया, मोरोक्को, इराक, युगोस्लाव्हिया, चीन, उत्तर व्हिएतनाम असा हिंडला आणि ऐंशीहून अधिक सामने खेळला. अल्जीरियाचे राज्य १९६२ च्या जुलैत अस्तित्वात आले. त्याचा झेंडा आणि राष्ट्रगीत त्याआधीच परदेशांतल्या मैदानांवर उभे राहिले होते. ज्या ट्युनिसमध्ये हा संघ जमला त्याच शहरात त्या वेळी फ्रान्झ फॅनन मुक्ती आघाडीसाठी लिहीत होता. हे नाव या पानांच्या वाचकाला नवे नाही. त्यापूर्वी ब्लिदा येथील मनोरुग्णालयात काम करताना त्याने रुग्णांसाठी फुटबॉलचे मैदान करवून घेतले होते. वसाहतीतल्या माणसाचे शरीर सदैव आखडलेले असते असे निदान करणाऱ्या डॉक्टराला मैदान सुचावे, हे साहजिकच म्हटले पाहिजे.

इथे आपल्याला पळवणकर बाळू आठवल्यावाचून राहत नाही. युरोपियनांचे बळी घेण्यासाठी तो हिंदूंच्या संघात हवा होता, आणि चहाच्या वेळी त्याचा कप बाहेर वेगळा असे. पण बाळूला निघून जाऊन सामील व्हावे असा दुसरा संघ कुठेच नव्हता. मखलूफीला तो मिळाला. हा फरक लहान नाही.

१९५८ च्या विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला. त्या स्पर्धेत १३ गोल करून आजवर न मोडलेला विक्रम करणारा ज्युस्त फाँतेन हा मोरोक्कोतील माराकेश शहरात जन्मलेला, स्पॅनिश आईचा मुलगा. त्याचा जोडीदार रेमाँ कोपा हा पोलिश खाणकामगाराचा मुलगा, मूळ आडनाव कोपाशेव्स्की. या दोघांना फ्रान्समध्ये कोणी निष्ठेची कसोटी लावल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न परक्या मुळाचा असता तर तो त्यांनाही विचारला गेला असता.

स्वातंत्र्यानंतर मखलूफी सेंत-एत्येनला परत आला. लोकांनी त्याला स्वीकारले. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात बोर्दोविरुद्ध त्याच्या क्लबने २-१ असा विजय मिळवला, ते दोन्ही गोल त्याचे. पुढे तो अल्जीरियाचा प्रशिक्षक झाला. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २-१ असे हरवले तेव्हाही प्रशिक्षकांमध्ये तो होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो वारला. त्याची एक निष्ठा दुसरीला मारून जगली नाही, एवढे त्याच्या आयुष्यातून निश्चित दिसते.

पण मखलूफी एखादाच. फ्रान्समधला सामान्य अल्जीरियन मजूर नांतेरच्या झोपडपट्टीत चिखलात राहत होता. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री संचारबंदीविरुद्ध पॅरिसमध्ये निघालेल्या अल्जीरियनांच्या मोर्च्यावर पोलिसप्रमुख मोरीस पापाँ याच्या पोलिसांनी हल्ला केला. माणसे गोळ्यांनी आणि दंडुक्यांनी मारली, सेन नदीत फेकली. सरकारने त्या वेळी मोजून दोनचार मृत सांगितले; इतिहासकारांचे अंदाज कित्येक डझनांपासून दोनशेच्या वर जातात.

या मजुरांच्या मुलांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे, आणि तिचे मूळ कायद्यात आहे. १९६२ पूर्वी अल्जीरिया कायद्याने फ्रान्सच होता. म्हणून तिथे तेव्हा जन्मलेल्या आईबापांचे मूल १९६३ पासून फ्रान्समध्ये जन्मले की आपोआप फ्रेंच ठरे. अल्जीरियाचा कायदा त्याच मुलाला अल्जीरियन मानी. ज्या साम्राज्याशी बाप लढला, त्याच्याच जुन्या दाव्यामुळे पोरगा जन्मतः फ्रेंच! कित्येक बापांना हे अपमानास्पद वाटले. अब्दलमालेक सयाद या अल्जीरियन समाजशास्त्रज्ञाने अशा जगण्याला ‘दुहेरी अनुपस्थिती’ असे नाव दिले आहे. माणूस गाव सोडून येतो तिथून अभ्यास सुरू करायचा, तो स्टेशनवर उतरतो तिथून नव्हे, असा त्याचा आग्रह होता. फुटबॉलबद्दल लिहिणारे बहुतेक फ्रेंच पत्रकार स्टेशनवरूनच सुरुवात करतात.

१९८३ हे वर्ष यात महत्त्वाचे. त्या वर्षी या मुलांनी वंशद्वेषी खुनांविरुद्ध मार्सेयहून पॅरिसपर्यंत पायी समतेचा मोर्चा काढला. ३ डिसेंबरला तो पॅरिसला पोहोचला तेव्हा सुमारे एक लाख लोक जमले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन्ही सरकारांनी करार केला की दुहेरी नागरिकत्वाच्या तरुणाने सक्तीची लष्करी सेवा कोणत्या देशात करायची ते निवडावे. सैन्य निवडण्याची मोकळीक संघ निवडण्याच्या वादाच्या पुष्कळ आधी दिली गेली होती, हे आज कोणी सांगत नाही. १९९३ मध्ये मात्र वारे फिरले. परदेशी आईबापांच्या पोटी फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांनी सोळा ते एकवीस या वयात ‘आम्हाला फ्रेंच व्हायचे आहे’ असे लिहून द्यावे, असा कायदा आला. अल्जीरियनांच्या बहुतेक मुलांना ही अट लागत नव्हती, पण रोख कोणाकडे आहे ते त्यांना कळत होते. १९९८ मध्ये तो बदलला गेला.

आणि १९९८ च्याच जुलैत झिनेदीन झिदान याने अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध डोक्याने दोन गोल केले. त्याचे आईबाप काबिलियातले. बाप १९५३ मध्ये आला तो सें-दनीतल्या बांधकामांवर मजुरी करायला. ज्या स्टाद द फ्रान्स मैदानावर पोराने विश्वचषक जिंकला ते याच सें-दनीत उभे आहे. काळे-गोरे-अरब असे एकत्र फ्रान्स जन्माला आल्याच्या घोषणा झाल्या. दोनच वर्षांपूर्वी उजव्या आघाडीचा ल पेन या संघातले खेळाडू परके आहेत, राष्ट्रगीत गात नाहीत, असे बडबडत होता. विजयाच्या रात्री त्याचा आवाज बुडाला, एवढेच. राष्ट्रगीताची कसोटी कुठेच गेली नव्हती.

ती ६ ऑक्टोबर २००१ रोजी परत आली. स्वतंत्र अल्जीरियाचा आणि फ्रान्सचा ज्येष्ठ राष्ट्रीय संघांचा हा पहिला सामना, त्याच सें-दनीच्या मैदानावर. प्रेक्षकांत आजूबाजूच्या वस्त्यांतली तरुण पोरे मोठ्या संख्येने होती, बहुतेक फ्रान्समध्येच जन्मलेली. पंतप्रधान झोस्पें यांच्या देखत त्यांनी मार्सेयेज या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या. फ्रान्स ४-१ ने पुढे असताना ७६ व्या मिनिटाला ती मैदानात घुसली आणि सामना बंद पडला. फ्रान्सचा बचावपटू लिलियाँ तुराम, स्वतः ग्वादलूपचा काळा माणूस, एका पोराला धरून संतापाने सुनावत होता. त्याचा राग खोटा नव्हता. असल्या प्रकाराचे भांडवल कोण करणार हे त्याला दिसत होते. झिदानचा बाप ‘हार्की’, म्हणजे फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढलेला अल्जीरियन, अशी अफवा त्या सामन्याआधी पसरवली गेली होती आणि झिदानला तिचा जाहीर इन्कार करावा लागला. म्हणजे एकीकडे राष्ट्रगीत गात नाही म्हणून संशय, दुसरीकडे गद्दाराचा मुलगा म्हणून संशय!

शिट्ट्या मारणारी पोरे अल्जीरियाच्या बाजूने होती असे सगळ्यांनी लिहिले. मला ते अर्धेच खरे वाटते. त्यांतल्या बहुतेकांनी अल्जीरिया उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिलेला. ती ज्याच्या विरुद्ध होती तो वस्तीतला पोलीस, नाव पाहून अर्ज बाजूला ठेवणारा मालक आणि शाळेत न शिकवलेला इतिहास होता. सामन्यानंतर अकराच दिवसांनी पॅरिसच्या महापौरांनी सें-मिशेल पुलावर १९६१ च्या बळींची पाटी बसवली. चाळीस वर्षांनी! वर्तमानपत्रांत शिट्ट्यांना जेवढी जागा मिळाली तेवढी त्या पाटीला मिळाली नाही.

२१ एप्रिल २००२ रोजी ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचला. मार्च २००३ मध्ये राष्ट्रगीताचा जाहीर अपमान हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. दंड साडेसात हजार युरोपर्यंत. पुढच्या दोन दशकांत हे दोन संघ पुन्हा समोरासमोर आले नाहीत.

२००९ मध्ये अल्जीरियाच्याच प्रस्तावावरून फिफाने एकवीस वर्षांपर्यंतच देश बदलण्याची अट काढून टाकली. फ्रान्समध्ये शिकलेले पण तिथल्या संघात जागा न मिळालेले खेळाडू अल्जीरियाकडे वळू लागले. २०१० च्या विश्वचषकात अल्जीरियाच्या २३ पैकी १७ खेळाडूंचा जन्म फ्रान्सचा होता. त्यावर फ्रेंच महासंघाच्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी बैठकीत काय चर्चा केली? तर प्रशिक्षण केंद्रांत दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांवर टक्केवारीची मर्यादा घालावी का, याची. २०११ मध्ये ते उघडकीला आले. बारा-तेरा वर्षांच्या पोरांची निष्ठा कातडीच्या रंगावरून आधीच मोजून ठेवायची, असा तो बेत होता. २०१४ च्या विश्वचषकाच्या काळात नीस शहराच्या महापौराने शहराच्या मध्यभागी परदेशी झेंडे मिरवायलाच बंदी केली.

त्या २००१ च्या सामन्यात अल्जीरियाचा एकमेव गोल करणारा जमाल बेलमादी हा पॅरिसजवळच्या शांपिन्यी-स्युर-मार्न या गावी जन्मलेला. २०१९ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली अल्जीरियाने आफ्रिका चषक जिंकला. त्या वसंतात अल्जीरियातल्या जनतेने रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्ष बुतेफ्लिका यांना पायउतार व्हायला लावले होते, आणि पॅरिसमधले अल्जीरियनही दर रविवारी तोच झेंडा घेऊन आपल्या जुन्या देशाच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध जमत होते. नायजेरियाविरुद्धचा उपांत्य सामना पडला १४ जुलैला, फ्रेंच राष्ट्रीय दिनी. ल पेनच्या पक्षाचा एक नेता, अल्जीरियन झेंड्यांचा पूर टाळायचा असेल तर भिस्त नायजेरियावर, असे लिहून बसला होता. शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल करून अल्जीरियाला जिंकून दिले ते रियाद महरेझने, सें-दनीच्या मैदानापासून थोड्याच अंतरावरच्या सारसेल वस्तीत जन्मलेल्या मुलाने. सकाळी जिथे सैन्याचे संचलन झाले होते त्या शाँझेलिझे रस्त्यावर रात्री हिरवे-पांढरे झेंडे आले. महरेझने त्या नेत्याला जाहीर उत्तर दिले की ती फ्री किक त्याच्यासाठीच होती.