परदेशातली चांदी, लंडनमधले कर्ज : तरुण डिझरायलीचा पहिला शेअर बाजार

१/ नोव्हेंबर १८२४. लंडनमधील एका सॉलिसिटरच्या कचेरीत उमेदवारी करणारा १९ वर्षांचा तरुण शेअर बाजारात उतरला. अनुभव शून्य, गाठीशी भांडवल जवळपास नाही. त्याचे नाव बेंजामिन डिझरायली. पुढे तो दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. परंतु बाजारातील पहिल्या धड्याची किंमत त्याने सुमारे २५ वर्षे फेडली.

२/ त्याने निवडलेल्या कंपन्या लंडनच्या होत्या, मालमत्ता मात्र अटलांटिकपलीकडची : मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतील खाणी. मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला. युद्धाच्या धामधुमीत तेथील अनेक चांदीच्या खाणी पाण्याने भरल्या होत्या. ब्रिटिश भांडवल आणि कॉर्नवॉलची वाफेवर चालणारी पंपयंत्रे आली की चांदी पुन्हा वाहू लागेल, असा हिशेब मांडला जात होता.

३/ १८२४ संपता संपता परराष्ट्रमंत्री कॅनिंगच्या पुढाकाराने ब्रिटनने नव्या राष्ट्रांना मान्यता देण्याचे ठरवले आणि बाजार पेटला. अँग्लो-मेक्सिकन कंपनीच्या १०० पौंडांच्या शेअरवर प्रत्यक्ष भरलेले होते केवळ १० पौंड. त्यावरचे अधिमूल्य १० डिसेंबरला ३३ पौंड होते. ११ जानेवारी १८२५ रोजी ते १५८ पौंडांवर गेले.

४/ पहिला धोका याच रचनेत दडलेला होता. शेअर १० पौंडांत मिळाल्यासारखा वाटे. परंतु उरलेले ९० पौंड कंपनी हप्त्याहप्त्याने मागू शकत असे. भाव चढता असेपर्यंत हप्त्यापूर्वीच शेअर विकून मोकळे होता येई. भाव घसरला की ग्राहक नाहीसा होई आणि हप्त्याचे देणे मात्र गळ्यात राही.

५/ दुसरा धोका माहितीचा. डिझरायलीने मेक्सिको कधी पाहिला नव्हता. तरीही १८२५ मध्ये त्याने या खाण कंपन्यांची भलामण करणाऱ्या पुस्तिका लिहिल्या. त्यामागे जॉन डिस्टन पाउल्स हा खाण कंपन्यांचा प्रवर्तक होता. म्हणजे तोच लेखक, तोच खरेदीदार. आपल्याच प्रचारावर त्याचे पैसे लागले होते. सामान्य वाचकाजवळ तर पडताळणीचे साधनच नव्हते. समुद्रापलीकडची बातमी यायला आठवडे लागत.

६/ तिसरा धोका प्रत्यक्ष भूमीवरचा. रिअल देल मोंते या खाणीसाठी निघालेल्या कॉर्नवॉलच्या कामगारांपैकी अनेक जण व्हेराक्रूझच्या किनाऱ्यावर पीतज्वराने दगावले. अवजड यंत्रे डोंगर चढवून खाणीपर्यंत नेता नेता १८२६ उजाडले. माहितीपत्रकांत चांदीचे आकडे होते. ताप आणि चिखल यांचा हिशेब नव्हता.

७/ जून १८२५ पर्यंत डिझरायली आणि त्याचा भागीदार इव्हान्स यांचे मिळून सुमारे ७,००० पौंड बुडाले. डिसेंबरमध्ये संकट बँकांपर्यंत पोहोचले आणि अनेक बँका कोसळल्या. या व्यवहारातले शेवटचे कर्ज डिझरायलीने फेडले ते १८४९ मध्ये. तोवर तो खासदार म्हणून बारा वर्षे संसदेत बसत होता.

८/ आता नोव्हेंबर १८७५. तोच माणूस, आता पंतप्रधान, पुन्हा परदेशी शेअर घेतो. इजिप्तचा खेदिव इस्माईल कर्जात बुडालेला आहे आणि सुएझ कालव्याच्या कंपनीतील त्याचे १,७६,६०२ शेअर विक्रीला आहेत. संसदेचे अधिवेशन चालू नाही. रोथशिल्ड पेढीकडून ४० लाख पौंड उसने घेऊन डिझरायली व्यवहार पूर्ण करतो.

९/ जोखीम याही वेळी होती. कंपनीची सूत्रे फ्रेंचांच्या हाती होती आणि ४४ टक्के हिस्सा घेऊनही ब्रिटनला बहुमत मिळाले नाही. परंतु कालवा १८६९ पासून सुरू होता. त्यातून जाणारी बहुतांश जहाजे ब्रिटिश होती. त्यांत मुंबईची वाट धरणारीही होती. ती मोजता येत होती, त्यांच्याकडून मिळणारा कर मोजता येत होता.

१०/ दोन्ही वेळा मालमत्ता परक्या देशात होती आणि दोन्ही वेळा पैसा उसना होता. फरक पुराव्याचा होता. १८२४ मध्ये खाणीविषयी बोलणाऱ्यांत शेअर विकू पाहणारेच पुढे होते. १८७५ मध्ये कालव्यातली जहाजे कोणालाही दिसत होती. परदेशी शेअर तोलताना अंतराइतकेच हेही पाहावे लागते : त्याविषयीची माहिती कोण देत आहे, आणि आपण तो घेतल्याने त्याचा काय लाभ होणार आहे?