विंझणा : एक उपेक्षित इतिहाससाधन

पोथ्या, सनदा व नाणी यांच्या संग्रहाची आवड आपल्याकडे चांगली रुजली आहे. परंतु घरोघरच्या विंझण्याकडे संग्राहकांची दृष्टी क्वचितच वळते. तोही इतिहासाचे साधन आहे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांची साक्ष घेऊ. 'विंझणा' हे संस्कृत 'व्यजन' शब्दाचे प्राकृत रूप होय. दुसरा शब्द 'तालवृंत'; त्यात ताडाचा निर्देश उघड आहे. ज्या ताडाच्या पानांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच पानांचे पंखेही झाले. पोथी रुमालात बांधून जपली गेली. पंखा मात्र वारा घालता घालता झिजला व चुलीत गेला.

पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना चवरीचा निषेध असून साल, वाळा व मोरपिसे या तिन्हींचे पंखे विहित आहेत. वाळ्याच्या पंख्याची प्राचीनता यावरून सिद्ध होते. तसेच चवरी व साधा पंखा यांतील भेद त्या काळीही मानला जात होता, हे दिसते. सबब दरबारी चवऱ्या-मोर्चेलांवरून घरगुती पंख्याचा इतिहास लिहिणे युक्त नव्हे.

तो शोधावयाचा तर वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघ्यासारख्या गावीच जावे. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या मुलखात बुरुडांनी विणलेला कामट्यांचा पंखा आणि पाणी शिंपडलेला वाळ्याचा पंखा ही चैन नसून गरज होती. अक्षय्यतृतीयेस उदककुंभाबरोबर पंखा दान देण्याचे कारणही हेच.

संग्राहकाने पंख्याचे द्रव्य, वीण, दांडीची जागा, गाव व प्रसंग यांची टिपणे तत्काळ करावी. झालरीचे कापडही तपासावे. कृत्रिम रंगाचा शोध इ. स. १८५६ मधील, तेव्हा तशा रंगाची झालर त्यापूर्वीची असणे शक्य नाही. मात्र झालर मागाहून बदलली जाते, म्हणून तिचा काळ तोच पंख्याचा काळ असे समजू नये.

लंडनमधील ग्रीनिच येथे १९९१ मध्ये केवळ पंख्यांचे संग्रहालय उघडले. वर्ध्यात ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय १९३८ पासूनच आहे. उणीव आहे ती नोंदींची. विणणाऱ्या वृद्धांचे हात थांबण्यापूर्वी त्या व्हाव्यात, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे.