जॅकपॉटचा बट्टा

नृसिंहवाडीला (म्हणजे आपली नरसोबाची वाडी हो!) कृष्णा आणि पंचगंगा भेटतात. संगमाच्या पुढे कुठलं पाणी कुठल्या नदीचं, हे सांगता येत नाही. ऑनलाइन कॅसिनोचा मोठा जॅकपॉटही तसाच. कुणी पौंड टाकतो, कुणी युरो, कुणी रुपया. आणि वर दिसतो एकच फुगत जाणारा आकडा. मग हा हिशोब बसतो कसा, आणि फरक कुणाच्या माथी जातो?

प्रश्न जुनाच आहे. वाडीच्या आसपास कुरुंदवाड, मिरज, सांगली, कोल्हापूर अशी संस्थानं. 1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला, पण त्याआधी अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये बाजारात फिरत. निजामाचा हाली सिक्का तर 1959 पर्यंत टिकला. मोगलाईतून वाडीला येणाऱ्याचे सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार! सराफ नाणं वाजवून, जोखून बघायचा आणि फरक कापून घ्यायचा. तोच बट्टा. पेशवाईत सारा ठरलेल्या नाण्यात भरावा लागे. दुसरं नाणं आणलं की बट्टा रयतेच्या माथी.

आता गंमत बघा. मुंबईत आकडा लावायचे तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर. भाव डॉलर-सेंटमधला, पैसे रुपयातले, तरी बट्टा नाही! कारण एका आकड्याला प्रचलित भाव एकास नऊ. गुणोत्तराला चलन नसतं. पुढे ते भाव येणं थांबलं, आणि 1962 मध्ये कल्याणजी भगत व 1964 मध्ये रतन खत्री यांचे मटके सुरू झाले, तरी गणित तेच राहिलं. शक्यता दहात एक, मिळणार नऊ पट. उरलेला दहावा हिस्सा मटकेवाल्याचा.

जॅकपॉटचं तसं नाही. तिथे बक्षीस 'पट' नसून एक रक्कम असते, सगळ्यांची मिळून. म्हणून ती एका मूळ चलनात, बहुधा युरोत, ठेवतात. प्रत्येक डावातला छोटासा टक्का त्या दिवसाच्या दराने तिथे जमा होतो, आणि तुमच्या पडद्यावरचा आकडा उलट दराने काढलेला असतो. 2015 साली ब्रिटनमधल्या एका सैनिकाने 25 पेन्स लावून 1 कोटी 32 लाख पौंड जिंकले. विक्रमाच्या नोंदीत तीच रक्कम 1 कोटी 78 लाख युरो अशीही आहे.

समजा जॅकपॉट दहा लाख युरोचा आहे. युरो 90 रुपयांना असेल तर तुम्हाला दिसणार 9 कोटी, 100 झाला तर 10 कोटी. मधे कुणी एक पैसाही लावला नाही, फक्त रुपया घसरला! आणि बघणाऱ्याला वाटतं, जॅकपॉट 'पिकत' आलाय, आता लागणारच.

शिवाय पैसे भरताना एक दर, काढताना दुसरा. मधला फरक म्हणजे बट्टाच, फक्त तो सराफासारखा समोर बसून कुणी कापत नाही. जिंकणारा एखादाच, पण बट्टा हरणारा प्रत्येकजण भरतो, तोही हरण्याच्या आधी.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परदेशी साइट्सच्या जाहिराती तरी मोबाइलवर येतातच. ऑफिसातल्या कुणी तो कोट्यवधींचा आकडा दाखवला, तर एवढंच विचारा: हा मूळ कुठल्या चलनात आहे, आणि दर कोण ठरवतं?

असो. नावाला बट्टा लागतो म्हणतात ना, तो शब्दही हाच बरं का!