दिनविशेष : ३ डिसेंबर – भूसुरुंगबंदीचा करार

३ डिसेंबर १९९७ : माणसांचे बळी घेणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार कॅनडातील ओटावा येथे स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला. दोन दिवसांत १२२ देशांनी सह्या केल्या. १ मार्च १९९९ रोजी तो अमलात आला.

शस्त्रसंधी झाली तरी पेरलेला सुरुंग जमिनीत जिवंतच राहतो. शेतकरी, गुराखी, खेळणारी मुले त्याच्या तावडीत सापडतात. म्हणूनच अफगाणिस्तान, कंबोडियासारख्या देशांत शाळकरी मुलांना धोक्याच्या खुणा चित्रांतून शिकवाव्या लागतात. भारताने या करारावर सही केलेली नाही. सुरुंगाची झळ आपल्यालाही ठाऊक आहे : १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मृत्युमुखी पडले. त्यातच २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

अशा वेळी ठाण्याच्या कोपरीतल्या शाळांनीही चित्रकलेच्या तासाला ‘सुरुंगाविना जमीन’ हा विषय द्यावा. सुरक्षित जमिनीवर वाढणाऱ्या मुलांना दुसऱ्या मुलांचे भय त्यातून कळेल. त्यांनी कागदावर रंगवलेली मागणी दिल्लीपर्यंत पोचवणे, हे मात्र मोठ्यांचे काम आहे.