देणगी, वर्गणी आणि बयाणा

गणेशोत्सव जवळ आला की जळगाव-धुळ्याच्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे मंडळांचे कार्यकर्ते टी-शर्टचे चित्र घेऊन जातात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : नग किती? या छपाईत प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी लागते. दहा नगांना तो खर्च डोईजड होतो, शंभरांवर वाटला की जाणवत नाही. म्हणून आधी नावे, मग बयाणा, मग छपाई.

2011 साली अमेरिकेत निघालेल्या टीस्प्रिंगने हेच इंटरनेटवर नेले. चित्रकाराने चित्र मांडायचे. मुदतीत ठरावीक मागण्या आल्या तरच टी-शर्ट छापायचे, नाहीतर कोणाचेच पैसे घ्यायचे नाहीत. त्याआधी, 2009 साली, किकस्टार्टरने वस्तू तयार होण्यापूर्वीच लोकांकडून पैसे उभारण्याची सोय केली होती.

आपल्याकडे असा पैसा नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. अशा कामाला दिलेला रुपया ही देणगी. तो परत येत नाही आणि कोणी मागतही नाही. डॉ. श्री. व्यं. केतकरांची वाट निराळी. ज्ञानकोशासाठी त्यांनी 1916 साली नागपुरात मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार गाठले. वर्गणीदाराला खंड मिळायचेच होते, आणि 23 खंड निघाले. या खटाटोपाची हकिकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतः मांडली. मला तर ती खंडांइतकीच मोलाची वाटते.

देणगी, वर्गणी, बयाणा या तीन शब्दांत तीन वेगळ्या जबाबदाऱ्या होत्या. संकेतस्थळांवर त्या एकाच बटणात आल्या. ग्राहकाला वाटते वस्तू विकत घेतली, कलावंताला वाटते मदत मिळाली. ‘आम्ही दुकान नव्हे’ असे किकस्टार्टरला 2012 साली जाहीर सांगावे लागले. प्रा. ईथन मॉलिक यांनी 2015 साली सुमारे पन्नास हजार देणाऱ्यांना विचारून पाहिले, तेव्हा जवळपास 9 टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिली नव्हती.

यातले सगळेच लबाड होते असे नाही. हौशी कलावंत कापडाचा आणि छपाईचा भाव धरतो. टपालखर्च, मापे चुकून परत आलेले नग, संकेतस्थळाचा वाटा विसरतो. मागणी वाढली तर नफ्याऐवजी तोटाच वाढतो. शिवाय चित्र जगासमोर येताच कोणीही ते उचलून स्वस्तात छापतो. उलट याने नटाचा फोटो किंवा कंपनीचे बोधचिन्ह वापरले असेल, तर हक्काची नोटीस यालाच येते.

ऑनलाइन खरेदीसाठी भारतात 2020 चे ई-कॉमर्स नियम आहेत. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे, असे ते सांगतात. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. मात्र आपण भरलेली रक्कम पावतीवर ‘खरेदी’ म्हणून लिहिली आहे की ‘साहाय्य’ म्हणून, यावर पुढचे भांडण बरेचसे ठरते. पैसे भरण्याआधी तो शब्द वाचून घ्यावा.