मोत्यांचा हार आणि हिऱ्यांचे अत्तर

आमच्या नानीच्या कपाटात अत्तराची एक लाकडी पेटी होती. गुलाब, मोतिया, खस, हीना अशा लहान लहान शिश्या कप्प्याकप्प्यांत उभ्या असत. जुम्याच्या दिवशी आणि ईदला घरातल्या पुरुषांच्या कानात अत्तराचा फाया जाई. लग्न असले की बायकांच्या मनगटालाही बोट लागे. एकदा मामू आखातातून सुट्टीवर आले तेव्हा या पेटीत न मावणारी एक बाटली घेऊन आले. पारदर्शक काच, गळ्याला सोनेरी बो आणि त्यावर चमचमणारे खडे. खोक्यावर इंग्रजीत ‘व्हाइट डायमंड्स’ आणि त्यासोबत एका बाईचे नाव, एलिझाबेथ टेलर.

नानीने बाटली हातात घेतली, झाकण न उघडताच परत दिली. सेंटमध्ये अल्कोहोल असते, ते लावून नमाज होत नाही, हे तिचे ठाम मत होते. जाता जाता तिने विचारले, ‘हिऱ्याला कुठे वास असतो? आणि ही बाई कोण?’

दोन्ही प्रश्न तेव्हा हसण्यावारी गेले. पुढे शाळेत इतिहास शिकवताना ते पुन्हा आठवले. उत्तर शोधत गेले तर ते हॉलिवूडपाशी सुरू होऊन थेट आग्र्याच्या जनानखान्यात पोहोचले. तीच हकीकत इथे सांगायची आहे.

एलिझाबेथ टेलर हिचा जन्म १९३२ सालचा, लंडनचा. लहानपणीच ती अमेरिकेत पडद्यावर आली आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिली. तिने आठ लग्ने केली, त्यांपैकी दोन एकाच माणसाशी, नट रिचर्ड बर्टनशी. तिच्या जवाहिरांची चर्चा चित्रपटांइतकीच होई. तिसरा पती माइक टॉड याने १९५७ साली तिला माणकांचा संच दिला. ‘क्लिओपात्रा’च्या चित्रीकरणासाठी रोममध्ये असताना बर्टनकडून पाचू आले. १९६८ मध्ये ३३.१९ कॅरेटचा क्रुप हिरा आला. १९६९ मध्ये ‘ला पेरेग्रिना’ हा मोती आला. सोळाव्या शतकात पनामाच्या आखातात सापडलेला हा मोती स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या खजिन्यात होता. बर्टनने तो ३७,००० डॉलरला लिलावात घेतला. त्याच वर्षी ६९.४२ कॅरेटचा आणखी एक हिरा त्याने दहा लाख डॉलरहून अधिक किंमत मोजून घेतला, आणि तो पुढे दोघांच्याच नावाने ओळखला गेला.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. यातला प्रत्येक खडा कुणीतरी दिलेला आहे. देणारा पुरुष आहे आणि खड्याबरोबर त्याच्या प्रेमाची, श्रीमंतीची कथाही जगभर गेली आहे. बाई स्वतः लाखो कमावणारी, पण तिची पेटी मात्र भेटींनीच प्रसिद्ध झाली.

या पेटीतल्या एका भेटीवर आपल्या इतिहासातले नाव कोरलेले आहे. १९७२ च्या फेब्रुवारीत टेलरच्या चाळिसाव्या वाढदिवसाला बर्टनने तिला ‘ताजमहाल’ नावाचा हिरा दिला. चपटा, बदामाच्या आकाराचा. त्यावर फारसी अक्षरांत ‘नूरजहान बेगम-ए-पादशाह’ असे लिहिले आहे, शिवाय २३ आणि १०३७ हे आकडे आहेत. १०३७ हे हिजरी वर्ष. त्याच वर्षी, म्हणजे इसवी १६२७ च्या ऑक्टोबरात, बादशहा जहांगीर वारला. २३ हा राज्यवर्षाचा आकडा असावा. हा हिरा जहांगीरकडून शाहजहानकडे आणि त्याच्याकडून मुमताजमहलकडे गेला, अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट सांगतात. हिऱ्याला नाव पडले तेही त्यावरूनच.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबले पाहिजे. दगडावर नाव कोरले आहे एवढ्याने त्याचा प्रवास सिद्ध होत नाही. टेलरच्या मृत्यूनंतर, २०११ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमध्ये तिच्या जवाहिरांचा लिलाव झाला. हा हिरा तेव्हा ८८ लाख डॉलरला गेला. पण पुढे त्याच्या मुघल वंशावळीवरूनच वाद निघाला, लिलाव करणाऱ्या कंपनीने व्यवहार रद्द केला आणि प्रकरण कोर्टात गेले. सूत्र असे की शाहजहानचा असेल तर किंमत एक, नसेल तर दुसरी. दगड तोच, तेज तेच, पण भाव मात्र गोष्टीला.

आता नूरजहानकडे वळू. आपल्याकडे सर्रास सांगितले जाते की गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला. मीसुद्धा लहानपणी हेच ऐकले होते. खुद्द जहांगीरने मात्र असे लिहिलेले नाही. ‘तुझुक-ए-जहांगीरी’ या आपल्या आत्मवृत्तात तो हे श्रेय नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला देतो. त्याची हकीकत अशी. अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत होती. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतल्यावर वर तेलाची साय धरू लागली. तिने ती साय थोडी थोडी करून जमवली. तिचा वास इतका तेज निघाला की एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मैफल दरवळून जावी. बादशहा खूश झाला आणि त्याने शोध लावणाऱ्या बाईला मोत्यांचा हार बक्षीस दिला. अकबराची बेगम सलीमा सुलतान तिथे हजर होती. तिने या तेलाला नाव दिले, ‘इत्र-ए-जहांगीरी’.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. हात अस्मत बेगमचा, नजर तिची, साय गोळा करण्याची चिकाटी तिची. तिला मिळाला मोत्यांचा हार. अत्तराला नाव लागले जावयाचे.

यात जहांगीरला दोष देण्याचे कारण नाही. उलट त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले म्हणून तर आपल्याला कळले. दोष आपल्या आठवणीचा आहे. लेक प्रसिद्ध, तिच्या नावाची नाणी पडलेली, म्हणून लोकांनी आईचा शोधही लेकीच्या खात्यावर जमा करून टाकला. अस्मत बेगम १६२१ मध्ये वारली, पाठोपाठ काही महिन्यांनी तिचा पती मिर्झा गियास बेग गेला. आग्र्याला यमुनेकाठी नूरजहानने बांधलेल्या संगमरवरी मकबऱ्यात दोघांच्या कबरी शेजारीशेजारी आहेत. पण इमारतीला जग ओळखते ते ‘एतमादुद्दौला’ या पतीच्या किताबाने. इथेही तिचे नाव आतच राहिले.

आणखी एक खुलासा करायला हवा. फुलांचा अर्क काढण्याची विद्या अस्मत बेगमपासून सुरू झाली असे नव्हे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर स्वतंत्र किताब लिहिली, तिच्यात शंभरावर कृती आहेत. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही खुशबूखान्याचे आणि सुगंधी द्रव्यांच्या भावाचे प्रकरण आहे. आपल्या दख्खनमध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधांवरचा ग्रंथ रचला गेला. तेव्हा अस्मत बेगमने अत्तर ही चीजच शोधली, असे म्हणणे जास्तीचे होईल. मुघल दरबाराला गुलाबाचे तेल तिच्या हातून गवसले, एवढे जहांगीरच्या साक्षीने नक्की म्हणता येते.

या घटनेनंतर पावणेचारशे वर्षांनी एलिझाबेथ टेलरने सुगंधाच्या धंद्यात पाय टाकला. १९८७ मध्ये ‘पॅशन’ आले आणि १९९१ मध्ये ‘व्हाइट डायमंड्स’. नटीच्या नावाने अत्तर निघणे तोवर अगदीच नवे नव्हते. सोफिया लॉरेनच्या नावाचे अत्तर १९८० च्या सुमारास आले होते. पण टेलरच्या यशाने पुढच्या साऱ्यांना वाट दाखवली. १९९३ मध्ये हिरे आणि पाचू, हिरे आणि माणके, हिरे आणि नीलम अशी तीन अत्तरे एकदम बाजारात आली. बाटली त्याच घाटाची, बोवरचे खडे अनुक्रमे हिरवे, लाल, निळे. १९९६ मध्ये काळ्या मोत्यांच्या नावाचे अत्तर आले. त्याच्या प्रसिद्धीसाठी ती एकाच रात्री, एकामागून एक चार दूरचित्रवाणी मालिकांत झळकली आणि चारही कथा तिच्या हरवलेल्या काळ्या मोत्यांच्या हाराभोवती फिरत होत्या. हिरा, पाचू, माणिक, नीलम, मोती. तिच्या पेटीतला एकेक कप्पा जणू बाटलीत उतरला.

आता नानीचा पहिला प्रश्न. हिऱ्याला वास नसतो, हे खरेच आहे. मग हिऱ्याचे अत्तर करायचे कसे? अत्तरकार इथे चमकेचे भाषांतर करतो. ‘व्हाइट डायमंड्स’चा पहिला झोत अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा आहे. १९२१ च्या शनेल नंबर पाचमुळे ती प्रसिद्धीस आली. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यावर ऊन पडावे तसा काहीसा भास त्यांनी होतो. त्यामागे पांढऱ्या फुलांचा ताटवा येतो, लिली, मोगऱ्याच्या जातीतली जाई, निशिगंध. शेवटी अंगावर उरतो तो चंदन, पाचोळी, कस्तुरी यांचा वास. म्हणजे नाव हिऱ्याचे, पण आत फुले आणि लाकूडच. नानीची पेटी आणि मामूंची बाटली यांच्यात वाटते तितके अंतर नव्हते. एकीत अर्क चंदनाच्या तेलात उतरलेला होता आणि दुसरीत अल्कोहोलमध्ये, इतकाच फरक.

या अत्तराची जाहिरात कृष्णधवल होती. पत्त्यांचा डाव रंगला आहे, एक पुरुष हरण्याच्या बेतात आहे. टेलर येते, कानातला हिरा काढून टेबलावर टाकते आणि म्हणते की याने मला नेहमीच नशीब दिले. मला ही जाहिरात फार बोलकी वाटते. आयुष्यभर जिला हिरे मिळाले ती इथे हिरा देते आहे, तोही एका पुरुषाला. जाहिरात विकण्यासाठी असते हे मान्य, पण खऱ्या आयुष्यातही तेच घडले होते. चित्रपटांतून मिळाले नाही इतके तिला अत्तरांनी मिळवून दिले, असे मानले जाते. ही कमाई तिची स्वतःची होती. ज्या वर्षी ‘व्हाइट डायमंड्स’ आले त्याच १९९१ साली तिने एड्सग्रस्तांसाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली. त्याआधी १९८५ पासून, ज्या काळात या रोगाचे नाव घ्यायला लोक कचरत होते, तेव्हा ती निधी गोळा करीत होती.

म्हणून अस्मत बेगम आणि टेलर यांना शेजारी ठेवले की आधी वाटते, बाईने मजल मारली. एकीच्या शोधावर बादशहाचे नाव, दुसरीच्या बाटलीवर तिचे स्वतःचे. एकीला बक्षिसात मोती, दुसरीने मोत्यांच्या नावावर धंदा उभा केला.

पण गोष्ट इथे संपत नाही. ‘व्हाइट डायमंड्स’ टेलरने बनवले नव्हते. ते बनवले कार्लोस बेनाईम या अत्तरकाराने. बाटलीवर त्याचे नाव कुठेही नाही. निशिगंध आणि मोगरा पहाटे अंधारात खुडणाऱ्या बायकांची नावे तर कुठल्याच कागदावर नसतात. आपल्या देशात तमिळनाडूत अशी फुले खुडली जातात आणि त्यांचा अर्क जगभरच्या अत्तरकारांकडे जातो. म्हणजे बादशहाच्या जागी नटी आली, पण रीत तीच राहिली. सुगंधाला नाव लागते ते प्रसिद्धाचे, हाताचे नाही. जहांगीरने निदान हाताचे नाव वहीत लिहून ठेवले होते. आजची कंपनी तेवढेही करत नाही.

टेलर २०११ च्या मार्चमध्ये वारली. तिचे जवाहीर त्याच वर्षी अनेक हातांत विखुरले. ३७,००० डॉलरचा तो मोती एक कोटीहून अधिक डॉलरला गेला. तो आता कुणाच्या तरी तिजोरीत असेल, तुम्हा-आम्हाला दिसणार नाही. ‘व्हाइट डायमंड्स’ मात्र आजही साध्या दुकानात मिळते. आखातातून येणाऱ्या बॅगांत ते कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून येते आणि ज्या बाईने आयुष्यात हिरा पाहिलेला नाही तिच्या दुपट्ट्याला लागते. रत्न एकाचे असते, वास मात्र शेजारच्यालाही मिळतो. खुशबू भेट द्यावी आणि नाकारू नये, ही आपल्याकडची शिकवण याच समजुतीतून आली असावी.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात मुघलकाळ शिकवताना मी विचारले, गुलाबाच्या अत्तराचा शोध कुणी लावला? सगळ्या मुलींनी एका सुरात सांगितले, ‘नूरजहान’. मी फळ्यावर उर्दूत अस्मत बेगमचे नाव लिहिले आणि साय जमवण्याची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाजी, मग अत्तराला तिचे नाव का नाही दिले?’

मी उत्तर दिले नाही. मुलींना ते नाव वहीत उतरवून घ्यायला सांगितले.

नानी आता नाही. मामूंच्या बाटलीचे खडे केव्हाच गळून पडले, तळाशी बोटभर पिवळट अत्तर उरले आहे. ‘ही बाई कोण?’ या तिच्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता आले असते. पण त्याआधी मी तिला दुसऱ्या एका बाईचे नाव सांगितले असते, जिचा गुलाब तिच्या पेटीत आयुष्यभर होता आणि जिचे नाव तिलाही ठाऊक नव्हते.